घरच्या पार्किंगमध्ये गाडीचा गिअरबॉक्स बदलायचा तर

गिअरबॉक्स गेला असं मेकॅनिकने सांगितलं की भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळतं. खर्च मोठा, गाडी अडकून पडणार, आणि आत नेमकं काय झालंय ते आपल्याला दिसत नाही. पण हे काम घरी होतं. ज्याने स्वतःच्या गाडीचे ब्रेक पॅड, सेल्फ किंवा सस्पेन्शन हाताने उघडून पुन्हा बसवलंय, ज्याच्याकडे सपाट जागा आणि सोबतीला एक भरवशाचा माणूस आहे, त्याला ते नक्की जमतं. यात ताकद कमी आणि सरळ रेष जास्त लागते. तीस-चाळीस किलोचा ठोकळा इंजिनला अगदी सरळ भिडवायचा आणि तो हाताने सरकत जाऊन बसला पाहिजे. बोल्टच्या जोरावर ओढून बसवलेला गिअरबॉक्स बहुधा पुन्हा उतरवावाच लागतो.

इथे मी पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या, आडव्या इंजिनच्या छोट्या पेट्रोल गाड्यांबद्दल लिहितोय: अल्टो, वॅगन आर, स्विफ्ट, सँट्रो, आय टेन या वर्गातल्या. ओम्नी, बोलेरो, जिप्सीसारख्या गाड्यांत इंजिन उभं आणि प्रोपेलर शाफ्ट मागे जाणारा असतो. त्यांचं काम काही बाबतींत सोपं आहे, पण क्रम वेगळा आहे. आणि तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवाच. क्रम मी सांगतो, पण कुठला बोल्ट किती आवळायचा हे आकडे त्यातूनच घ्यायचे.

दोष खरंच गिअरबॉक्सचा आहे का?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण गिअरबॉक्सच्या नावावर खपणारे बरेच दोष त्याच्या बाहेरचे असतात. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू ठेवा. क्लच सोडलेला असताना घरघर येते आणि दाबल्यावर थांबते, तर इनपुट शाफ्टचं (इंजिनची ताकद गिअरबॉक्समध्ये आणणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग गेलंय. दाबल्यावर आवाज येतो आणि सोडल्यावर जातो, तर ते रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं). त्यासाठीही गिअरबॉक्स उतरवावा लागतो, पण बदलावा लागत नाही.

सगळेच गिअर जड पडत असतील तर आधी क्लच तपासा. इंजिन आयडलला, क्लच पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. तरीही खर्रकन आवाज आला तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. केबल ताणली गेलीय, फोर्क (रिलीज बेअरिंग ढकलणारा काटा) झिजलाय किंवा क्लच प्लेट स्प्लाइनवर (शाफ्टवरच्या उभ्या दातांवर) अडकतेय. इंजिन बंद असतानाही गिअर जड जात असेल तर गिअरच्या केबल, त्यांचे बुश आणि खालचं लिंकेज बघा. कितीतरी गाड्यांचा ‘गेलेला’ गिअरबॉक्स एका प्लास्टिकच्या बुशने बरा होतो.

एकाच गिअरला दात घासल्यासारखा आवाज येत असेल, बाकीचे नीट पडत असतील, तर त्या गिअरचा सिंक्रो (गिअर पडताना वेग जुळवणारा भाग) झिजलाय. गाडी एक्सलरेटर सोडल्यावर गिअरमधून आपोआप बाहेर येत असेल तर दोष आतला असू शकतो, पण आधी माउंटिंग (इंजिन-गिअरबॉक्सचे रबरी आधार) बघा. फाटलेल्या माउंटिंगमुळे इंजिन इतकं हलतं की केबल गिअर ओढून काढते. वळताना कटकट येत असेल तर ते एक्सलचे जॉइंट, गिअरबॉक्सचा त्यात काही संबंध नाही.

शेवटची खात्री ऑइलमधून होते. ड्रेन प्लगला (ऑइल काढायच्या खालच्या बोल्टला) बऱ्याच गाड्यांत लोहचुंबक असतो. त्यावर करड्या रंगाची मऊ पेस्ट जमलेली असेल तर ती नेहमीची झीज आहे, घाबरू नका. बोटांत चोळल्यावर टोचणारे चकचकीत तुकडे लागले, किंवा दाताचा तुटका टवका निघाला, तर मात्र निर्णय झाला. ऑइलमध्ये पिवळसर सोनेरी चमक दिसली तर ती सिंक्रोच्या पितळी रिंगांची भुकटी.

जागा आणि दिवस

पुण्यातल्या बहुतेक सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक असतात. ते दिसतात मजबूत, पण गाडीचा भार स्टँडच्या चार छोट्या पायांवर आला की एखादा ब्लॉक खचतो नाहीतर कडेने उचकटतो. प्रत्येक जॅक स्टँडखाली निदान १८ मिलिमीटर जाडीचा, फूटभर लांबी-रुंदीचा प्लायवूडचा तुकडा ठेवा. काँक्रीटची सपाट फरशी असेल तर उत्तम. उतारावर, रॅम्पवर किंवा वर-खाली सरकणाऱ्या मेकॅनिकल पार्किंगवर हे काम करायचंच नाही.

जून ते सप्टेंबर उघड्यावर सुरू करू नका. पाऊस आला आणि बेलहाउसिंग (गिअरबॉक्सचा इंजिनला भिडणारा, क्लच झाकणारा भाग) उघडं असलं तर फ्लायव्हीलवर (क्लच ज्यावर बसतो त्या इंजिनच्या जड चकतीवर) एका रात्रीत गंज चढतो. दोन शनिवार-रविवार मोकळे ठेवा, मधले दिवस गाडी उभी राहणार हे घरच्यांना आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना आधीच सांगून ठेवा. शेजारच्याची गाडी निघायच्या वेळी तुमचा गिअरबॉक्स वाटेत पडलेला असेल तर भांडण अटळ आहे.

हत्यारं

जपानी आणि कोरियन गाड्यांना १०, १२, १४, १७ आणि १९ च्या गोट्या (सॉकेट) आणि रिंग पाने लागतात. हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाच्या) नटसाठी ३० किंवा ३२ ची गोटी वेगळी घ्यावी लागते, आणि ती अर्ध्या इंची ड्राइव्हची, जाड भिंतीची घ्या. लांब टॉमी (गोटी फिरवायचा दांडा) आणि तिच्यावर चढेल असा पाइप, लांब-आखूड एक्सटेन्शन, टॉर्क रेंच, छिन्नी, पक्कड, एक चांगली चपटी पहार. दोन टनी ट्रॉली जॅक, निदान दोन जॅक स्टँड (चार असतील तर बरं), आणि इंजिन पेलायला दुसरा जॅक. क्लच सेंटर करायचं, म्हणजे क्लच प्लेट मधोमध बसवायचं, प्लास्टिकचं किंवा लोखंडी टूल बऱ्याचदा क्लच सेटसोबतच येतं.

हात-हत्यारांसाठी पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी अजूनही सगळ्यात चांगली. मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी चांगल्या बनावटीचे जुने पाने मिळतात, पण तिथून जॅक किंवा स्टँड मात्र घेऊ नका. जॅकची सील कधीची आहे आणि स्टँडची वेल्डिंग कोणी केलीय ते बघून कळत नाही, आणि त्यांच्या खाली तुमचं डोकं असणार आहे. विटा, जुनी रिम, पेव्हर ब्लॉक यांच्यावर गाडी कधीही टेकवायची नाही.

कुठला गिअरबॉक्स घ्यायचा

तीन वाटा आहेत: कंपनीचा नवा, रिपेअर केलेला, किंवा दुसऱ्या गाडीतून काढलेला. नवा महाग आणि जुन्या मॉडेलला सहज मिळत नाही. सुट्या भागांसाठी नाना पेठेत जावं लागतं. तिथे पहिला प्रश्न येतो, ‘मॉडेल कुठलं, साल काय, पेट्रोल का डिझेल?’ तिन्हींची उत्तरं आरसी बुकातून वाचून द्या, आठवणीतून नको. दुसऱ्या गाडीतून काढलेला घेताना पक्कं बिल मागा, त्यावर विक्रेत्याचं नाव-पत्ता आणि गिअरबॉक्सवरचा नंबर लिहून घ्या. आरसीवर इंजिन आणि चॅसिसचा नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो. तेव्हा माल कुठून आला याचा पुरावा म्हणजे ते बिल.

दुकानातच ठोकळा तपासून घ्या. इनपुट शाफ्ट हाताने फिरवत एकेक गिअर टाका. प्रत्येक गिअरमध्ये तो अडखळल्याशिवाय फिरला पाहिजे. शाफ्ट बोटांत धरून वर-खाली हलवा. किंचित हालचाल चालते, खडखड चालत नाही. ड्रेन प्लग उघडून दाखवायला सांगा. माउंटिंगचे कान आणि बेलहाउसिंगची कड बारकाईने बघा, तडा गेलेल्या जागी वेल्डिंग केलेलं असतं.

एक तपासणी जरूर करा, कारण ती कोणी करत नाही. बाहेरून सारखी दिसणारी दोन केसिंग आतून वेगळी असू शकतात. एकाच गाडीच्या दोन इंजिन-पर्यायांत दातांचं प्रमाण बदलतं. जुना आणि नवा, दोन्ही ठोकळे समोर आले की एकच गिअर टाका, एका बाजूच्या एक्सलचं भोक आतून धरून ठेवा आणि दुसऱ्या बाजूचा एक पूर्ण फेरा व्हायला इनपुट शाफ्टचे किती फेरे लागतात ते मोजा. खुणेसाठी खडूचा ठिपका द्या. दोन्हीकडे आकडा सारखा आला पाहिजे. यासोबत इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनचे दात मोजा, रिव्हर्स लाइटचा स्विच आणि स्पीड सेन्सर त्याच जागी आहेत का बघा.

वरून सुरुवात

गाडी न्यूट्रलला. बॅटरीची मायनस आधी काढा, मग प्लस, मग बॅटरी आणि तिचा ट्रे बाहेर. एअर फिल्टरचा डबा काढला की गिअरबॉक्सचा वरचा भाग मोकळा दिसतो. इथे थांबून मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढा. प्रत्येक वायरला कागदी टेपची चिठ्ठी लावा.

रिव्हर्स लाइटचा स्विच, स्पीड सेन्सर, अर्थची पट्टी सोडवा. गिअरच्या केबलच्या क्लिपा काढून केबल बाजूला बांधून ठेवा. क्लच केबल ढिली करून फोर्कवरून उतरवा. हायड्रॉलिक क्लच असेल तर स्लेव्ह सिलिंडर (फोर्क ढकलणारा छोटा सिलिंडर) पाइप न उघडता नुसता बाजूला टांगा, म्हणजे हवा काढायचं काम वाचतं. फक्त त्यानंतर कोणी पेडल दाबणार नाही याची काळजी घ्या, नाहीतर पिस्टन बाहेर येईल. सेल्फचे बोल्ट काढून तो बाहेर घ्या.

सीएनजीची गाडी असेल तर एक सक्त सूचना: गॅसचा पाइप किंवा रेग्युलेटर वाटेत येत असेल तर तो स्वतः उघडू नका. त्या जोडणीत खूप जास्त दाब असतो. ते काम अधिकृत सीएनजी फिटरकडून करून घ्या आणि मगच पुढे जा.

बेलहाउसिंगचे वरचे बोल्ट आत्ता ढिले करता येतात. ते वेगवेगळ्या लांबीचे असतात, आणि लांब बोल्ट आखूड जागी गेला की केसिंग फुटतं. एका पुठ्ठ्यावर बेलहाउसिंगचा अंदाजे गोल काढा आणि निघालेला प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचून ठेवा. वरचे दोन सोडून बाकीचे पुठ्ठ्यावर. ते दोन अगदी शेवटी.

हबचा नट

हा नट गाडी जमिनीवर चारी चाकांवर उभी असतानाच ढिला करायचा. चाकाचं मधलं झाकण काढा. छोट्या गाड्यांत या नटाला एक पातळ कॉलर असते आणि ती एका जागी शाफ्टच्या खाचेत ठोकून बसवलेली असते. बारीक छिन्नी त्या खाचेत तिरकी धरा, हलक्या हाताने दोन-तीन ठोके द्या आणि कड खाचेतून वर येऊ द्या. ही कड न उचलता टॉमी लावली तर नट शाफ्टचे आटे खरवडत बाहेर येतो, आणि मग गिअरबॉक्ससोबत एक्सलचाही खर्च होतो. काही गाड्यांत कॉलरच्या जागी कॉटर पिन असते. सोबत्याला ब्रेक घट्ट दाबून धरायला सांगा, टॉमीवर पाइप चढवा आणि झटका न देता सलग जोर लावा. नट पूर्ण काढू नका, फक्त ढिला करा. चाकांचे नटही आत्ताच ढिले करून घ्या.

गाडी उचलणं

मागच्या चाकांना पुढून-मागून उटी (अडसर) लावा, हँडब्रेक ओढा. जॅक पुढच्या मधल्या क्रॉस मेंबरखाली लावा, स्टँड मात्र बाजूच्या मजबूत जागांखाली, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या. जॅक सोडून गाडी स्टँडवर बसली की ती दोन्ही हातांनी आडवी, जोरात हलवून बघा. आत्ता सरकायची असेल तर सरकू द्या. ती ढिम्म राहिली तरच पुढची चाकं काढून खाली जायचं. उंची एवढी हवी की गिअरबॉक्स जॅकवर बसलेला असताना बंपरखालून बाहेर ओढता येईल. अनेक जण इथे कमी उचलतात आणि शेवटी अडकतात.

ऑइल आणि एक्सल

ड्रेन प्लगला हात लावण्याआधी भरायचा प्लग उघडून बघा. तो जाम असेल आणि आधी ऑइल काढून टाकलं असेल, तर गाडी कोरड्या गिअरबॉक्सची आणि भरायची सोय नाही. जुनाच ठोकळा परत बसवायची वेळ आली तर हा नियम फार उपयोगी पडतो. निघालेलं ऑइल मोजा. छोट्या गाडीत ते साधारण दोन लिटर असतं. बरंच कमी निघालं, तर आधीचा गिअरबॉक्स कशाने गेला त्याचं उत्तर तुम्हाला तिथेच मिळालं.

लोअर आर्मच्या (हबला खालून धरणाऱ्या दांड्याच्या) बॉल जॉइंटचा बोल्ट काढा. आपल्याकडच्या पावसाळ्यांची माती तिथे घट्ट बसलेली असते. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. पहारीने आर्म खाली दाबून जॉइंट मोकळा करा. एबीएसची वायर आणि ब्रेकचा होज त्यांच्या क्लिपमधून आधी सोडवा, नाहीतर हब बाहेर झुकवताना तेच ताणले जातात. आता हबचा नट काढून हब बाहेर वळवा आणि एक्सलचं बाहेरचं टोक आत ढकला. अडलं तर नट आट्यांच्या टोकाशी लावून त्यावर लाकडाचा तुकडा धरून ठोका, थेट शाफ्टवर हातोडी नको.

आतलं टोक एका छोट्या स्प्रिंग-रिंगने अडकलेलं असतं. केसिंग आणि जॉइंटच्या मध्ये पहार टेकवा, ऑइल सीलला लागणार नाही अशी, आणि एक कडक झटका द्या. टक असा आवाज येऊन जॉइंट बाहेर येतो. एक्सल शाफ्टला धरून ओढू नका; आतला जॉइंट रबरी बूटमध्येच निखळतो आणि मग तो पुन्हा जुळवायचं वेगळं काम मागे लागतं. दोन्ही बाजू निघाल्या की काही गिअरबॉक्समध्ये डिफरन्शियलचे (दोन्ही एक्सलना ताकद वाटून देणाऱ्या भागाचे) आतले गिअर जागेवरून सरकू शकतात, म्हणून त्या भोकांत योग्य जाडीचा लाकडी किंवा प्लास्टिकचा दट्ट्या बसवा. त्याने गळतीही थांबते.

गिअरबॉक्स उतरवणं

गिअरबॉक्स हा इंजिनच्या आधाराचाही भाग असतो. तो काढला की इंजिन एका अंगाला कलंडतं, म्हणून आधी इंजिनला आधार. बॉनेटखाली दोन्ही बाजूंच्या फेंडरच्या कडांवर टेकणारा सपोर्ट बार भाड्याने मिळाला तर सगळ्यात उत्तम. नाहीतर दुसरा जॅक ऑइल पॅनखाली, मध्ये जाड आणि रुंद लाकडी फळी ठेवून. फळीशिवाय लावलात तर पॅन आत दबतं.

आता ट्रॉली जॅक गिअरबॉक्सखाली, त्याच्या तोलाच्या जागी. जॅकच्या बशीवर लाकडाचे तुकडे ठोकून ठोकळ्याच्या आकाराचं घरटं केलंत तर तो लुढकणार नाही. शिवाय एक पट्टा आवळून ठेवा. मागचं आणि डाव्या बाजूचं माउंटिंग सोडवा. इंजिन किंचित खाली येऊ द्या, म्हणजे गिअरबॉक्सला चॅसिसच्या बाजूने सरकायला जागा मिळते. खालचा पत्रा आणि उरलेले बोल्ट काढा. शेवटचे दोन काढताना कोणीही गाडीखाली आडवं झोपलेलं नको, हात बाजूने घालायचे.

डॉवेल पिनांमुळे (ठोकळा नेमक्या जागी बसवणाऱ्या खुंट्यांमुळे) ठोकळा लगेच सुटत नाही. कडेला चपटी पहार घालून आळीपाळीने दोन्ही बाजूंनी थोडं थोडं उकला. फट सगळीकडे सारखी वाढली पाहिजे. सुटला की सरळ बाहेर ओढा, इनपुट शाफ्ट क्लचमधून पूर्ण बाहेर येईपर्यंत वजन जॅकवरच. अर्धवट बाहेर आलेला गिअरबॉक्स शाफ्टवर लटकला तर क्लच प्लेटचा हब वाकतो. मग हळू खाली घ्या.

उघडलंच आहे तर

नव्या क्लच सेटवर इथे पैसे वाचवू नका. प्रेशर प्लेट, क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग, तिन्ही बदला. सिंहगड रस्त्याच्या सिग्नलांवर आणि चांदणी चौकाच्या चढावर हाफ क्लचवर चाललेली प्लेट वरून बरी दिसली तरी तिचं आयुष्य निम्मं संपलेलं असतं, आणि तिच्यासाठी पुन्हा एवढा सगळा व्याप करावा लागेल.

जुन्या क्लचची काळी धूळ फुंकरीने किंवा कॉम्प्रेसरने उडवू नका. मास्क लावा आणि ओल्या फडक्याने पुसा. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, एकेक फेरा करत सोडवा. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक तडे दिसले तर लेथवर सरफेसिंग करून आणा, खोल तडे असतील तर ते बदला. मागचं क्रँक सील ओलं दिसतंय का बघा. ओलं असेल तर आत्ताच बदलायचं, नाहीतर नव्या प्लेटवर ऑइल उडेल. नव्या ठोकळ्यालाही इनपुट शाफ्टचं आणि दोन्ही एक्सलची सील नवी बसवा. किंमत किरकोळ असते आणि गळतीचं कारण जवळपास नेहमी तीच असतात.

प्लेटवर फ्लायव्हीलकडची बाजू छापलेली असते. छाप नसेल तर हबची फुगीर, स्प्रिंगची बाजू बहुधा गिअरबॉक्सकडे येते, पण जुनी प्लेट काढतानाच फोटो घेतलात तर शंका उरत नाही. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट ब्रेक क्लीनरने पुसा, नव्या प्लेटला तेलकट हात लावू नका. सेंटर करायचं टूल मधून घाला, बोल्ट हाताने लावा आणि समोरासमोर थोडे थोडे आवळत जा. इथला टॉर्क फार कमी असतो, बऱ्याच छोट्या गाड्यांत २० ते २५ न्यूटन-मीटर. हाताच्या अंदाजाने तो नेहमी जास्त होतो. शाफ्टच्या स्प्लाइनवर ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. जास्त लावलं तर ते फिरताना उडून प्लेटवर जातं.

चढवणं

ज्यासाठी इतका वेळ द्यायचा, ते हे काम. नवा गिअरबॉक्स जॅकवर बांधा आणि इंजिनच्या समोर आणा. तो आणि इंजिन यांची उंची आणि कल सारखे हवेत. बाजूने बघा, मग खालून बघा. नव्या ठोकळ्यात वरचा गिअर टाकून ठेवा, म्हणजे डिफरन्शियल फिरवलं की इनपुट शाफ्ट फिरतो.

शाफ्टचं टोक क्लचच्या भोकात जातं आणि तिथे थांबतं. एकाने एका बाजूचं डिफरन्शियल धरून ठेवायचं आणि दुसरी बाजू थोडी थोडी फिरवत राहायची, दुसऱ्याने ठोकळा हलकेच आत दाबत राहायचा. दात जुळले की तो एकदम अर्धा-पाऊण इंच पुढे जातो. हाताला ते स्पष्ट कळतं. मग राहतात डॉवेल पिना. फट कुठे जास्त आहे ते बघा, वर जास्त असेल तर गिअरबॉक्सचं बाहेरचं टोक जरा वर उचलून इंजिनशी कल जुळवा, खाली जास्त असेल तर उलट. शेवटी दोन्ही तळहातांनी दाबल्यावर पूर्ण गोलात फट मिटली पाहिजे, नखही जाऊ नये.

फट मिटत नसेल तर बोल्ट लावून आवळायचा मोह होणार. आवळू नका. ॲल्युमिनियमच्या केसिंगचा कान तुटेल किंवा प्लेटचा हब चेपेल. बाहेर काढा, प्लेट पुन्हा सेंटर करा, वायर किंवा पत्रा मध्ये आला नाही ना ते बघा, आणि परत घाला. दहा मिनिटं विश्रांती घेऊन परत आलात की बऱ्याचदा पहिल्याच दाबात बसतो.

बसला की सगळे बोल्ट बोटांनी लावा. आटे चुकले तर ते बोटांनाच कळतं, पान्याला नाही. मग माउंटिंग लावा, पण लगेच आवळू नका. आधी इंजिन दोन-तीनदा हलवून स्थिर होऊ द्या, मग आवळा; ताणलेल्या माउंटिंगमुळे गाडीभर कंप येतो.

पुढे उलटा क्रम: सेल्फ, केबल, वायरी, अर्थची पट्टी. अर्थ विसरला तर सेल्फ अर्धवट फिरतो आणि केबल गरम होतात. एक्सलला नवी स्प्रिंग-रिंग लावा, सीलच्या ओठाला ऑइल लावा, आणि आत ढकलून टक आवाज येईपर्यंत बसवा. मग बाहेर ओढून बघा, निघता कामा नये. हबला नेहमी नवा नट. ब्रेक दाबून धरून आधी जमेल तितका आवळा, मग चाकं लावून गाडी जमिनीवर आल्यावर, ती जराही पुढे-मागे न ढकलता, टॉर्क रेंचने पूर्ण करा. बऱ्याच छोट्या गाड्यांत हा आकडा १७५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. शेवटी कॉलर खाचेत ठोका.

ऑइल, क्लच, चाचणी

ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच, बहुतेक छोट्या गाड्यांना ७५ डब्ल्यू-८० किंवा ७५ डब्ल्यू-९०, जीएल-४ दर्जाचं. दुकानदार जीएल-५ ‘त्याहून भारी’ म्हणून देईल. मॅन्युअलमध्ये नसेल तर घेऊ नका. त्यातली गंधकयुक्त रसायनं सिंक्रोच्या पितळी रिंगांना झिजवू शकतात. गाडी सपाट असताना भरा आणि भरायच्या प्लगमधून ऑइल ओघळू लागलं की थांबा.

क्लच पेडलचा मोकळा खेळ मॅन्युअलप्रमाणे लावा. अजिबात खेळ नसला तर रिलीज बेअरिंग कायम फिरत राहतं, जास्त असला तर क्लच सुटत नाही. इंजिन बंद ठेवून पाचही गिअर आणि रिव्हर्स टाकून बघा. मग इंजिन चालू करून, ब्रेकवर पाय ठेवून, पहिला आणि रिव्हर्स. खाली वाकून सील आणि ड्रेन प्लगपाशी बघा, ओल नको.

पहिली चक्कर सोसायटीच्या आसपास. मग मोकळ्या रस्त्यावर सगळे गिअर. त्यानंतर सकाळी लवकर, वाहतूक कमी असताना, कात्रजच्या जुन्या घाटात किंवा दिवे घाटात न्या. चढावर दुसऱ्या-तिसऱ्यात ओढून बघा, आणि उतरताना एक्सलरेटर सोडून त्याच गिअरमध्ये येऊ द्या. गिअर निसटायचा असेल तर तो बहुधा उतारावर, एक्सलरेटर सोडून इंजिनच गाडीला रोखत असताना निसटतो. सपाट रस्त्यावर हा दोष लपून राहतो. परत आल्यावर हबचा नट, माउंटिंग आणि चाकांचे नट पुन्हा तपासा. पहिले काही शे किलोमीटर हाफ क्लच टाळा, आणि दुसऱ्या गाडीतला गिअरबॉक्स घातला असेल तर हजारेक किलोमीटरवर ऑइल एकदा बदला. चुंबकावर काय जमलंय ते तेव्हा बघायला मिळतं.

जुनं ऑइल गटारात नको. ते शेवटी मुठा नदीत जातं, आणि वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. कॅनमध्ये भरून, जो गॅरेजवाला अधिकृत रिसायकलरला देतो त्याच्याकडे पोचवा. जुना गिअरबॉक्स भंगारात किलोवर घालायच्या आधी रिपेअर करणाऱ्याला दाखवा; त्यातले चांगले गिअर आणि केसिंग त्याला हवे असतात आणि भाव बरा मिळतो.